किल्ली झोपली होती

डिकीचं झाकण खाली येत होतं तेव्हाच मला कळलं होतं. हात झाकणावर, झाकण अर्ध्यात आलेलं, आणि डोळ्यासमोर लख्ख दिसलं की किल्ली बॅगेच्या बाहेरच्या कप्प्यात आहे आणि बॅग आत आहे. पण हाताने जे काम सुरू केलं होतं ते हाताने पूर्ण केलं. धप्प असा आवाज झाला आणि मग एकदम शांत, म्हणजे आजूबाजूला गाड्या येत-जात होत्या, कुणीतरी हॉर्न वाजवत होतं, पण मला ते काहीच ऐकू येईना. मी डिकीच्या हँडलखालचं बटण दाबलं, काही नाही. पुन्हा दाबलं. ड्रायव्हरच्या दाराकडे गेले, हँडलवरचं ते छोटं काळं बटण दाबलं, जे दाबलं की रोज, किल्ली नुसती खिशात किंवा पर्समध्ये असली तरी, टुक आवाज येऊन आरसे उघडतात. आरसे मिटलेलेच राहिले.

पुढच्या काचेतून माझा फोन दिसत होता. डॅशबोर्डवर, स्टँडमध्ये, नकाशा चालू, आणि नकाशा सांगत होता की तुम्ही पोचलात.

माझ्या कडेवर माझी लेक होती, साडेतीन वर्षांची, अर्धवट झोपेतली. बाबागाडी शेजारी उभी. एवढंच काय ते बाहेर होतं. पाकीट, पाण्याची बाटली, तिच्या कपड्यांची पिशवी, फोन, गाडीची कागदपत्रं, सगळं आत.

नेमकं काय झालं ते नीट सांगते, कारण नंतर कितीतरी दिवस मी तेच तेच मनात पुन्हा चालवून बघत होते. गाडी लावली. लेक मागे तिच्या चाइल्ड सीटमध्ये झोपली होती. माझी नेहमीची पद्धत अशी की आधी सामान काढायचं, बाबागाडी उघडून ठेवायची, आणि सगळं तयार झालं की शेवटी तिला उचलायचं, म्हणजे तेवढी दोन मिनिटं जास्त झोपते बिचारी. त्या दिवशी इंजिन बंद झाल्याबरोबर ती जागी झाली आणि रडायला लागली, म्हणून आधी तिलाच घेतलं. दार लावलं, हँडलवरचं बटण दाबून गाडी लॉक केली, कारण शेजारून गाड्या जवळून जात होत्या आणि मला मागे जायचं होतं. डिकीपाशी आले, किल्लीवरचं डिकीचं बटण दाबून धरलं, एकदा उघडली नाही, दुसऱ्यांदा उघडली. एका हातात ती, दुसऱ्या हाताने बाबागाडी ओढायची, तर किल्ली ठेवायची कुठे, म्हणून समोरच्या बॅगेच्या कप्प्यात सरकवली. क्षणभर. बाबागाडी निघाली, आणि झाकण ओढलं.

त्यात चुकीचं असं एकही पाऊल नव्हतं, म्हणजे प्रत्येक पाऊल आपापल्या जागी शहाणपणाचंच होतं. मूल सांभाळत काम करणारा माणूस तिसऱ्या हाताच्या जागी दिसेल ती सपाट जागा वापरतो, टेबल, बोनेट, मांडी, बॅगेचा कप्पा.

आणि माझा विश्वासही होता. गाडी घेतली तेव्हा डिलिव्हरी देणाऱ्या मुलाने अगदी छातीठोकपणे सांगितलं होतं, मॅडम, किल्ली आत राहिली तर ही गाडी लॉक होतच नाही, डिकीत राहिली तर डिकी परत उघडते आणि ओरडते. खरंच तसं होतही होतं. दोनदा झालं होतं, दोन्ही वेळा डिकी टक्कन वर आली होती. दोनदा वाचवलं तिने मला. म्हणून तिसऱ्यांदा मी किल्ली खाली ठेवली ती निर्धास्तपणे ठेवली, असं आज वाटतं.

एक काकू जवळून चालल्या होत्या. माझं तोंड बघूनच त्या थांबल्या. "काय झालं गं?" म्हणाल्या आणि मी सांगायच्या आधीच पर्समधून फोन काढून पुढे केला. फोन हातात आला आणि तेव्हा लक्षात आलं की मला एकही नंबर पाठ नाही. नवऱ्याचा नाही. बहिणीचा शेवटचे चार आकडे आठवत होते, पुढचे नाहीत. पाठ होता तो फक्त बाबांचा, कारण त्यांनी गेली वीस वर्षं तो बदललेला नाही आणि शाळेत असताना वहीच्या पहिल्या पानावर तो लिहायला लागायचा.

बाबांनी अनोळखी नंबर म्हणून पहिल्यांदा उचललाच नाही. दुसऱ्यांदा उचलला. मी म्हटलं, बाबा, मी बोलतेय, किल्ली गाडीत राहिली आणि गाडी लॉक झाली. पलीकडून जे वाक्य आलं ते मी विसरणार नाही.

"पोरगी कुठाय?"

"माझ्याकडे आहे. कडेवर."

त्यांनी श्वास सोडलेला मला ऐकू आला. "मग गाडीचं काय घेऊन बसलीस," म्हणाले, "आधी सावलीत जा दोघी."

तोपर्यंत मी रडले नव्हते. ते ऐकल्यावर मात्र पाय लटपटले, कारण त्यांनी विचारलेला प्रश्न मी स्वतःला विचारलाच नव्हता. ती त्या दिवशी रडली नसती तर मी नेहमीसारखं आधी सामान काढलं असतं. दारं मी त्यावेळीही लॉक केली असती, कारण रस्त्याकडेला उभं राहून डिकीत वाकताना मी ती करतेच. बाकी सगळं तसंच. फक्त ती आत असती.

इथे मला जरा थांबायचंय, कारण पुढचं सगळं, रेडिओ आणि सेल आणि तंत्रज्ञान, हे कुतूहल म्हणून ठीक आहे, पण हा भाग तसा नाही. उन्हात बंद गाडी किती झपाट्याने तापते याचा एक अभ्यास अमेरिकेतल्या डॉक्टरांनी केला होता, तो २००५ मध्ये 'पीडियाट्रिक्स' या नियतकालिकात छापून आला. त्यांनी १६ वेगवेगळ्या उन्हाच्या दिवशी मोजमाप घेतलं, बाहेरचं तापमान साधारण २२ ते ३६ अंशांच्या दरम्यान होतं. म्हणजे त्यातले काही दिवस तर आपण ज्याला छान हवा म्हणू असे होते. तासाभरात गाडीच्या आतलं तापमान सरासरी २२ अंशांनी वाढलं, आणि त्या वाढीतला ८० टक्के भाग पहिल्या ३० मिनिटांतच झाला होता. काच थोडी खाली ठेवली तरी फारसा फरक पडला नाही. लहान मुलाचं शरीर मोठ्या माणसापेक्षा तीन ते पाच पट वेगाने तापतं, त्याला घाम गाळून स्वतःला गार ठेवणं अजून नीट जमत नसतं, आणि पट्टा लावलेलं मूल स्वतःहून काहीच करू शकत नाही.

म्हणून मूल किंवा मुकं जनावर आत असेल आणि ऊन असेल तर मेकॅनिकची वाट बघायची नाही. दुसरी किल्ली घेऊन कुणीतरी निघालंय, अर्ध्या तासात येईल, हा हिशोबच करायचा नाही, कारण तो अर्धा तासच सगळ्यात वाईट असतो. इमर्जन्सी नंबर लावायचा आणि काच फोडायची. पुढची मोठी काच नाही, ती दोन काचांमध्ये प्लास्टिकचा थर घालून केलेली असते, तडे जातात पण वाट देत नाही. बाजूची काच, मुलापासून सगळ्यात लांबची, आणि मधोमध नाही तर कोपऱ्यात, टोकदार आणि कठीण वस्तूने. बाजूची काच बहुतेक गाड्यांत टेम्पर्ड असते, ती बोथट बारीक तुकड्यांत खळकन खाली येते. काही नव्या गाड्यांत बाजूच्या काचाही पुढच्यासारख्या थराच्या असतात, ते काचेच्या कोपऱ्यात छापलेलं असतं, आपल्या गाडीच्या चारही काचांवर काय लिहिलंय ते आजच जाऊन वाचून ठेवा. मी वाचलं. आणि वेळ आली तर काच माझीच आहे, मला कुणाची परवानगी नको, हे मी मनाशी पक्कं करून ठेवलंय, कारण त्या क्षणी माणूस नवीकोरी गाडी बघून कचरतो, मी स्वतः कचरले असते याची मला भीती वाटते.

असो. आम्ही सावलीत गेलो. मागच्या काचेवर रोडसाइड असिस्टन्सचं स्टिकर होतं, त्यावरचा नंबर बाहेरून वाचता आला, काकूंच्या फोनवरून लावला. काकू निघून जाऊ शकल्या असत्या, गेल्या नाहीत. तुझा फोन येईल ना माझ्यावर, म्हणून बसून राहिल्या, लेकीला पाणी आणून दिलं. माणूस यायला पावणेदोन तास लागले. दुसरी किल्ली घरी होती, घर दोन तासांवर, आणि घरी कुणी नव्हतं.

त्या पावणेदोन तासांत मी किती वेळा उठून गाडीपाशी गेले असेन. काही उपयोग नव्हता हे माहीत असून. मला किल्ली कुठे आहे ते बोटभर अंतरापर्यंत माहीत होतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, त्यात निदान कळसा कुठे आहे हे माणूस विसरलेला असतो, आणि आठवलं की काम होतं. इथे कळसा कुठे आहे ते पक्कं माहीत होतं, मध्ये फक्त एक पत्रा होता, आणि वळसा तरीही चुकत नव्हता. आणि नंतर कळलं की त्या किल्लीच्या पोटात एक साधी लोखंडी किल्लीही असते, अडीअडचणीला दार उघडण्यासाठी. म्हणजे अडचणीचा उपाय अडचणीच्याच पोटात, तोही आतच.

लेक शांत झाली होती. तिने डिकीला हात लावला आणि विचारलं, "आई, किल्ली आत झोपली?"

मी हो म्हटलं.

"मग तिला उठव ना."

मेकॅनिक आला तो पोरगेलासा, घाईत नसलेला माणूस होता. आल्या आल्या त्यानेही पहिलं विचारलं, "ताई, आत कुणी नाही ना?" त्याने कुणी तारबीर घातली का तेही विचारलं. पूर्वी दाराच्या काचेच्या फटीतून पट्टी घालून लॉकचा दांडा ओढायचे ते आता करायचं नाही, दाराच्या आत वायरी असतात, सेन्सर असतात, काही गाड्यांत बाजूच्या एअरबॅगचा भाग असतो. त्याने दाराच्या वरच्या कोपऱ्यात एक चपटी रबरी पिशवी सरकवली आणि हाताने पंप दाबत ती फुगवली. रक्तदाब मोजताना दंडाला बांधतात तशीच दिसत होती. दार बोटभर फाकलं. त्यातून टोकाला रबर लावलेली लांब सळई आत गेली आणि आतलं हँडल ओढायला लागली. दोनदा निसटली. "डबल लॉक असतं ना ताई, तर आतलं हँडल ओढूनही उघडलं नसतं," तो म्हणाला. तिसऱ्यांदा दार उघडलं आणि अलार्म असा काही सुरू झाला की लेक माझ्या गळ्याला घट्ट मिठी मारून बसली. चाइल्ड सीट नसलेल्या बाजूची मागची सीट पाडून मी बॅग ओढली. किल्ली हातात आली. उघडायचं बटण दाबलं, अलार्म थांबेना.

मग त्याने जे केलं ते मला त्या दिवसातलं सगळ्यात सुंदर वाटलं. किल्ली माझ्या हातून घेतली आणि स्टार्टच्या बटणाला टेकवली, नुसती टेकवली, आणि बटण दाबलं. गाडी चालू झाली, अलार्म बंद.

म्हणजे काय, तर किल्लीच्या आत एक बारीकशी चिप असते जिला स्वतःचा सेल लागतच नाही. गाडीतल्या वेटोळ्यातून जी चुंबकीय ऊर्जा येते तेवढ्यावर ती क्षणभर जागी होते, आपली ओळख सांगते आणि परत गप्प. पण त्यासाठी अंगाला अंग लागावं लागतं. एवढ्या जवळून विचारलं तर सेल संपलेली किल्लीही उत्तर देते.

सेल खरंच संपत आला होता. त्याने मीटर लावून दाखवलं, अडीच व्होल्ट, नवीन असतो तेव्हा तीनच्या आसपास किंवा किंचित वर. गाडी गेले पंधरा दिवस सांगत होती, स्क्रीनवर किल्लीचं चित्र आणि खाली पिवळी अक्षरं यायची, मी ओके दाबून पुढे जायचे. सीआर २०३२ नावाचा सेल, नावातच माप आहे, २० मिलिमीटर रुंद आणि ३.२ जाड. नाण्याएवढा. तो बदलायला दोन मिनिटं लागतात.

घरी आल्यावर मी हे सगळं समजून घेतलं, राग होता म्हणून असेल. आणि समजत गेलं तसा राग कमी होत गेला.

मला वाटायचं की किल्ली सतत काहीतरी पाठवत असते आणि गाडी ते ऐकते. तसं नाही. सुरुवात गाडी करते. आपण हँडलला हात लावला, बटण दाबलं, दार बंद केलं की गाडी आपल्या अँटेनांमधून, त्या दारांत असतात, मधल्या कन्सोलमध्ये, डिकीत असतात, एक अगदी मंद हाक देते. ही हाक कमी फ्रिक्वेन्सीची असते, साधारण १२५ किलोहर्ट्झ, आणि ती मुद्दामच लांब जात नाही, मीटर-दीड मीटर. किल्ली त्या हाकेची वाट बघत पडलेली असते. हाक ऐकू आली की ती जागी होते आणि दुसऱ्या, वरच्या फ्रिक्वेन्सीवर उत्तर देते, काही देशांत ४३३ मेगाहर्ट्झ, काही ठिकाणी ३१५. उत्तरात ओळख असते, गुप्त भाषेत, आणि हाक मला किती मोठ्याने ऐकू आली हेही असतं. त्या मोठ्या-बारीक आवाजांवरून, कुठल्या अँटेनाची हाक किती जोरात पोचली यावरून, गाडी ठरवते की किल्ली आत आहे का बाहेर.

ठरवते. हाच शब्द मला महत्त्वाचा वाटतो. गाडीला दिसत नाही, ती अंदाज बांधते. डोळे मिटून बसलेल्या माणसाने आवाजावरून ओळखावं की कोण या खोलीत आहे आणि कोण दाराबाहेर, तसं. बहुतेक वेळा तो अंदाज बरोबर येतो, इतका बरोबर की आपण त्याला अंदाज म्हणायचंच विसरतो. पण किल्ली एखाद्या पत्र्याच्या डब्याला टेकलेली असेल, लॅपटॉपखाली असेल, फोनला चिकटून असेल, तर हाक दबते. सेल उतरलेला असेल तर हाक ऐकू येऊनही उत्तर देण्याइतकं बळ उरत नाही. माझ्या बॅगेचा तो कप्पा डिकीतल्या टूलकिटच्या पत्र्याच्या पेटीला चिकटलेला होता आणि सेल मरणपंथाला. डिकी बंद झाली तेव्हा गाडीने विचारलं असणार, अगं आहेस का आत? उत्तर आलं नाही. उत्तर आलं नाही म्हणजे ती आत नाही, असं गाडीने धरलं. न येणाऱ्या उत्तराचे दोन अर्थ असतात, कुणीच नाही हा एक, आणि कुणीतरी आहे पण बोलू शकत नाही हा दुसरा. यंत्राला पहिलाच कळतो.

बाकीही वाटा आहेत किल्ली आत राहायच्या. घरात दोन किल्ल्या असतील, एक आत पर्समध्ये राहिली आणि दुसरीने बाहेरून लॉक केलं, तर बऱ्याच गाड्या लॉक होतात, आणि का होऊ नयेत, बाहेर मालक उभा आहे ना किल्ली घेऊन. उघडण्याचं बटण चुकून दाबलं गेलं आणि कुठलंच दार उघडलं नाही तर अर्ध्या मिनिटात वगैरे गाडी स्वतःहून परत लॉक होते, ती सोयही सुरक्षेसाठीच. गाडीची मोठी बॅटरी बसली तर सगळंच गप्प. आणि याच्या उलटी चूकही होते, ती जास्त भयंकर. किल्ली खिशात घेऊन माणूस उतरतो आणि इंजिन चालूच राहतं, बटण दाबायचं राहून जातं, हल्लीची इंजिनं इतकी हळू आवाजात चालतात. घराला लागून असलेल्या बंद गॅरेजमध्ये असं झालं की कार्बन मोनॉक्साइड घरात शिरतो, त्याला वास नाही रंग नाही, माणसं अशाने गेलेली आहेत.

मग मला वाटलं की गाडीचे कान आणखी तिखट का नाही करत, म्हणजे कितीही दबलेली किल्ली असली तरी ऐकू यावी. तर त्याची दुसरी बाजू चोरांनी आधीच शोधून ठेवली आहे. एक जण गाडीपाशी उभा राहतो, एक घराच्या दारापाशी, दोघांकडे यंत्रं, गाडीची मंद हाक उचलून घरातल्या किल्लीपर्यंत पोचवायची आणि तिचं उत्तर आणून गाडीला द्यायचं. किल्ली बिचारी घरातल्या टेबलावर असते आणि गाडीला वाटतं ती शेजारीच आहे. झुरिकच्या ईटीएच या संस्थेतल्या संशोधकांनी २०११ मध्ये आठ कंपन्यांच्या दहा मॉडेलांवर हे करून बघितलं होतं, दहाच्या दहा गाड्या फसल्या. त्यात गुप्त भाषा फोडावीच लागली नाही, नुसता निरोप्या व्हायचं. त्यामुळे पुढे काही किल्ल्यांमध्ये हालचाल ओळखणारा सेन्सर आला, किल्ली काही मिनिटं हलली नाही की ती झोपते आणि कुणाच्याच हाकेला ओ देत नाही.

हे वाचलं तेव्हा रात्रीचे साडेअकरा झाले होते आणि मी एकटीच स्वयंपाकघरात बसले होते, आणि मला लेकीचं ते वाक्य आठवलं.

त्याहून नव्या काही किल्ल्या आवाजाच्या मोठेपणावर अवलंबून राहत नाहीत, निरोप जाऊन यायला किती वेळ लागला ते मोजतात. एका नॅनोसेकंदात रेडिओलहर जेमतेम ३० सेंटिमीटर जाते, तेवढा बारीक वेळ मोजता आला की अंतर खरं कळतं, आणि निरोप्या मध्ये आला तर उशीर होऊन पकडला जातो. चांगलंच आहे ते. पण मला सेलचं काय ते विचारावंसं वाटतं. सेल मेला की कितीही हुशार किल्ली गप्पच होणार.

बाबांच्या पहिल्या गाडीला दोन किल्ल्या होत्या, एक दारांची आणि एक इंजिनची, एकाच कडीत. ते गाडीतून उतरायचे, दार लावायचे, मग बाहेरून किल्ली घालून फिरवायचे, आणि मग हँडल ओढून बघायचे. त्या दाराला आतून खाली दाबायची खुंटी होती, खुंटी दाबून दार लोटलं की किल्लीशिवायही लॉक व्हायचं, पण त्यांनी ते कधीच केलं नाही आणि आम्हालाही करू दिलं नाही. दार बाहेरून, किल्लीनेच. लहानपणी मला वाटायचं किती वेळ लावतात हे, पाऊस असला तरी तेच. आता कळतंय की त्या एका नियमाने त्यांनी चूक होण्याची जागाच काढून टाकली होती. जी वस्तू फिरवल्याशिवाय दार लागत नाही ती वस्तू आत राहणार कशी?

किल्ली फिरवून इंजिन चालू करायची सोय १९४९ साली क्रायस्लरने आणली असं म्हणतात, १९८२ मध्ये रेनोच्या एका गाडीला लांबून उघडणारा रिमोट आला, आणि १९९८ मध्ये मर्सिडीजच्या मोठ्या गाडीत किल्ली खिशातून काढायचीच गरज संपली. पन्नासेक वर्षांत हातातली वस्तू खिशात गेली. पूर्वी किल्ली हातात आहे का हा प्रश्न होता, आता ती जवळपास आहे का एवढाच आहे, आणि मला हा फरक त्या पार्किंगमध्ये पहिल्यांदा अंगावर आल्यासारखा कळला. मी किल्लीच्या जवळच होते की, हात लांब केला असता तर चार बोटांवर. जवळ होते आणि तिचा काही उपयोग नव्हता.

सोय वाईट आहे असं मला अजिबात म्हणायचं नाही. कडेवर मूल असताना दार आपोआप उघडतं तेव्हा मी मनापासून त्याचे आभार मानलेत, ज्यांचे हात दुखतात, ज्यांच्या बोटांत जोर नाही, त्यांना ही किल्ली म्हणजे केवढा आधार. मला खटकतं ते एवढंच की "ही गाडी लॉक होतच नाही" असं जे मला सांगितलं गेलं, त्यातला सहसा हा शब्द गाळलेला होता. सहसा होत नाही. त्या एका शब्दाने मी किल्ली हातात धरून ठेवली असती.

आता मी ती कमरेच्या पट्ट्याला लावते, किंवा खिसा असेल तर खिशात, चेन लावून. कुठेही खाली ठेवत नाही, क्षणभरही नाही. आधी लेक बाहेर, मग बाकी सगळं, ती झोपेतून उठली तर उठली. नवऱ्याचा आणि बहिणीचा नंबर पाठ केला, लेकीला बाबांचा शिकवतेय, पहिले पाच आकडे येतात तिला. दुसरी किल्ली ड्रॉवरमधून काढून बघितली तर तिचाही सेल गेलेला होता, न वापरता, कारण पडून राहिलेली किल्लीसुद्धा सतत कान देऊन असते आणि त्यात सेल झिजतो. ती दोन तासांवरून कुणी आणली असती तरी बटण दाबून काहीच झालं नसतं. पण तिच्या पोटातली लोखंडी किल्ली चालली असती, हे मला तेव्हा माहीतच नव्हतं.

ती मी परवा पहिल्यांदा काढली. सेल बदलायला बसले होते, लेक शेजारी. किल्लीच्या बाजूला एक बारीक खटका आहे, तो सरकवला की पातं बाहेर येतं. करंगळीएवढं, कोरं करकरीत, एकदाही न वापरलेलं. आम्ही दोघी खाली गाडीपाशी गेलो. ड्रायव्हरच्या हँडलच्या टोकाला एक टोपण आहे, रंग गाडीचाच, त्यामुळे चार वर्षांत माझ्या लक्षात आलं नव्हतं. खालच्या फटीत पात्याचं टोक घालून ते उचकटलं, आणि मागे खरंखुरं किल्लीचं भोक होतं.

लेक किल्ली-किल्ली खेळते तेव्हा हवेत अंगठा दाबते आणि तोंडाने टुक म्हणते. माझ्या लहानपणी आम्ही मनगट फिरवायचो. तिने मला पातं भोकात घालताना बघितलं आणि तिच्या चेहऱ्यावर ते काय आहे हे काहीच उमटलं नाही.

"दाब," ती म्हणाली.

"दाबायची नाही, ही फिरवायची असते."

तिची बोटं पात्याच्या टोकावर ठेवली, वर माझी. तिने आधी उलटीकडे जोर लावला. मी थांबले. मग तिने दुसरीकडे फिरवली, आतून खट्ट असा जाड आवाज आला, बोटांना लागेल असा, आणि तिने दचकून हात काढला, मग लगेच परत ठेवला.